विमानतळावरची इडली आणि मामांचं कार्ड

लग्न होऊन मी उंब्रजला आले तेव्हा घरात छताचा पंखा घ्यायचा घाट चालला होता. माझे सासरे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या. ऐन उन्हाळ्यात मामांनी पंख्यांची चौकशी सुरू केली. कराडची दुकानं झाली, साताऱ्याची झाली. सांगलीला एका लग्नाला गेलो तर वरात सोडून हे समोरच्या दुकानात पंख्याची पाती बोटानं वाजवून बघत होते. पंखा घरात आला तेव्हा दिवाळी उलटून गेली होती. आत्या गोधडी पांघरून त्याच्याकडं बघत म्हणाल्या, "लावा आता. थंडी कमी पडतीया."

त्यामुळे मामांनी क्रेडिट कार्ड घ्यायचं काढलं, तेव्हा माझा नवरा चपला घालून सरळ कामावर निघून गेला. रविवार होता.

खरं तर मामांचा अशा कार्डावर मुळीच विश्वास नव्हता. 'उधारीचं कार्ड' असंच ते त्याला म्हणत. पण माझी नणंद डेहराडूनला असते, तिचा नवरा तिकडं फौजेत आहे. तिला दिवस गेले आणि डॉक्टरांनी लांबचा प्रवास नको म्हणून सांगितलं, तेव्हा बाळंतपणासाठी आईवडिलांनीच तिच्याकडं जायचं ठरलं. जावयानं पुण्याहून विमानाची तिकिटं काढून पाठवली. मामा नोकरीत विमानात बसले होते, पण ते सामानाच्या विमानात, बाकावर, पोत्यांना टेकून. आत्यांनी विमान पाहिलं होतं ते उसाच्या फडात उभं राहून, कपाळावर हात धरून.

तिकिटं आली त्याच आठवड्यात मामा पेन्शनीला बँकेत गेले. तिथं त्यांचे जुने सोबती जमतात. त्यातले एक हवालदार नुकतेच बंगळूरला लेकाकडं विमानानं जाऊन आले होते. त्यांनी मामांच्या कानात भरवलं.

"सुभेदारसाब, विमानतळावर एक खोली असती. लाउंज म्हणत्यात. कार्ड दावलं की दार उघडतंय. आत इडली हाय, उपीट हाय, गुलाबजाम हायती. खुर्ची तर अशी, की बसलं की माणूस आपोआप मागं जातंय. आनि पैसं किती? दोन रुपय!"

"दोन रुपय कशाचं?" मामांनी विचारलं.

हवालदारांना ते सांगता आलं नाही. पण मामा घरी आले ते लाउंज डोक्यात घेऊनच. "मास्तरीणबाई," ते मला म्हणाले, कारण मी गावातल्या शाळेत गणित शिकवते, "तुमचा लॅपटॉप काढा. सगळ्या बँकांची कार्डं बघायची. एकेक करून."

मी हौसेनं तक्ता करून दिला. मामांनी चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले, "ह्यो पडद्यावरचा तक्ता मला न्हाई झेपत. वीज गेली की गेला." मग त्यांनी गेल्या वर्षीच्या दिनदर्शिकेची पानं उलटी करून कपाटाच्या दारावर चिकटवली आणि त्यावर निळ्या पेनानं रकाने आखले. मी वाचायचं, त्यांनी लिहायचं, आणि आत्यांनी पलंगावर बसून लसूण सोलता सोलता मध्येच बोलायचं. आमच्या संध्याकाळी अशा जाऊ लागल्या.

"हे कार्ड आयुष्यभर मोफत आहे, मामा."

"कुणाचं आयुष्य? आपलं का बँकेचं?"

ते कुठं लिहिलेलं नव्हतं. मामांनी रकान्यात प्रश्नचिन्ह टाकलं.

"ह्याच्यावर रिवॉर्ड पॉइंट चांगले मिळतात."

"पॉइंट म्हंजी नक्की काय?"

"खर्च केला की साठतात. खूप साठले की त्याच्या बदल्यात वस्तू मिळते."

"कंची वस्तू?"

मी शोधून काढली. कुकर होता, प्रवासाची बॅग होती, कानात घालायचं यंत्र होतं. "कुकर हाय की आपल्याकडं," मामा म्हणाले आणि त्या कार्डावर काट मारली. दुसऱ्या एका कार्डावर गोल्फचे धडे फुकट होते. मामांचं पेन काट मारता मारता थांबलं. लष्करी छावणीत त्यांनी साहेबलोकांना गोल्फ खेळताना पाहिलं होतं, त्यामुळं त्या कार्डाला एकदम नाही म्हणवेना. "उंब्रजात कुठं खेळायचं, हाच एक सवाल हाय," ते म्हणाले.

"आपल्या रानात खड्डं काय कमी हायती?" आत्या लसणातून मान वर न करता म्हणाल्या.

सिनेमाच्या एका तिकिटावर एक फुकट देणारंही कार्ड होतं. मामा त्याला तांबड्या पेनानं खूण करणार, तेवढ्यात आत्यांनी मला सांगितलं, "लग्न झाल्यावर एकदा नेलं हुतं मला कराडला शिनेमाला. मध्यंतरात उठवून आणलं. म्हशीची धार राहिली म्हणं." मामांनी तांबड्या पेनाला टोपण लावलं.

ही बातमी बँकांना कशी कळली देव जाणे, पण मी कुठंतरी मामांचा नंबर भरला असणार. त्यांना फोन यायला लागले. आपण असे फोन कापतो. मामा कापत नसत. ते अंगणातल्या खुर्चीवर बसत, शर्टाची वरची गुंडी लावत आणि फौजी हिंदीत म्हणत, "हां बेटा, शुरू से बताओ." समोरच्या पोरांना आयुष्यात कुणी असं म्हटलं नसावं. काही जण गडबडून स्वतःच फोन ठेवत.

एक मुलगी मात्र टिकली. मामांच्या सगळ्या शंका तिनं शांतपणे ऐकल्या. दोन रुपयांचा उलगडाही तिनंच केला: कार्ड खरं आहे का ते बघायला यंत्र तेवढे पैसे कापतं. बोलता बोलता तिच्या शेजारी कुणीतरी तिला हाक मारली असावी. फोनवरच ती म्हणाली, "थांब की गं जरा, बोलतीया न्हवं?"

मामा खुर्चीत ताठ झाले. "कुठली गं तू?"

पलीकडून बारीक आवाजात, "कुंडलची."

"आगं मग मघापास्नं हिंदीत कशाला दमवतीस मला?"

त्यानंतर ती मामांना आजोबा म्हणू लागली. मामांनी तिला पाऊसपाणी विचारलं, द्राक्षं विचारली, घरी कोण कोण ते विचारलं. शेवटी तीच म्हणाली, "आजोबा, एक विचारू? तुमी महिन्याला कार्डावर खर्च किती करणार?"

"खर्च? खर्च कशाला करायचा? मला आत जाऊन जेवायचं हाय निस्तं."

ती हसली असावी. मग तिनं सांगितलं की आता बहुतेक कार्डांवर तसं जमत नाही. आधीच्या तीन महिन्यांत कार्डावर भरपूर खर्च केला असेल तरच लाउंजचं दार उघडतं. ती स्वतः विकत होती ते कार्ड मामांच्या कामाचं नाही, असंही म्हणाली, आणि ते म्हणताना तिचा आवाज जरा खाली गेला होता.

मामांना हे फार लागलं. फुकट जेवण्यासाठी आधी पैसे उडवायचे, हे गणित त्यांनी मला फळ्यावर मांडायला लावलं असतं. दोन दिवस त्यांनी घरातला खर्च गोळा करून बघितला. लाइट बिल, गॅस, ट्रॅक्टरचं डिझेल, माझा पेट्रोलचा खर्च. पुरेना. मग ते शेजारच्या टायरवाल्याकडं गेले आणि म्हणाले, "तुमच्या दुकानाचा माल माझ्या कार्डावर घ्या, पैसं मला रोख द्या." टायरवाला घाबरला. दुपारी आमच्या दारात येऊन आत्यांना हळूच विचारून गेला, "काकी, सुभेदारांची तब्येत बरी हाय न्हवं?"

शेवटी खर्चाची अट नसलेलं एक कार्ड आम्हाला सापडलं. फी माफक, लाउंज वर्षातून मोजकं पण पक्कं. मामांनी त्याला तांबडी चौकट केली. पंख्याच्या मानानं हे फारच लवकर जमलं होतं आणि आम्ही सगळे खूश होतो. माझा नवरा तर त्या दिवशी रात्रीचं जेवण घरी जेवला.

तेव्हा आत्या म्हणाल्या, "म्हंजी आमी दोघंबी आत जायचं न्हवं?"

मी पुन्हा वाचलं. मग बारीक अक्षरातलं वाचलं. एका कार्डावर एकच माणूस. बरोबरच्या माणसाचे पैसे वेगळे, आणि ते दोन रुपये नव्हते.

मामा कपाटाच्या दाराकडं बघत म्हणाले, "मी आतून आणून देईन की तुला काहीतरी."

"कशात? तांब्यात?"

एवढं बोलून आत्या परड्यात निघून गेल्या. दोन दिवस त्या मामांशी माझ्यामार्फत बोलत होत्या. "त्यास्नी सांग, चहा ठेवलाय." मामा समोरच बसलेले असत.

तरीही मामांनी अर्ज केला. एवढी चौकशी वाया घालवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि आत गेल्यावर कुणाची तरी विनवणी करून आत्यांना घेऊन जाऊ, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. अर्ज मीच भरून दिला. त्यांनी फोटोसाठी दाढी केली, टोपी घालावी की नाही यावर विचार केला, आणि न घालता काढला.

चार-आठ दिवसांनी संदेश आला. खेद वाटतो, आपला अर्ज मंजूर होऊ शकत नाही.

मामांनी तो मला तीनदा वाचायला लावला. मला वाटलं चिडतील. चिडले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती, तर म्हणाले, "कराडच्या बँकेत जाऊन इचारू तरी." आम्ही माझ्या स्कूटरवरून गेलो. तिथल्या तरुण अधिकाऱ्यानं संगणकात बघून नीट समजावून सांगितलं. मामांनी कधी कर्ज घेतलेलं नाही, कधी हप्ता भरलेला नाही, त्यामुळं त्यांची पत मोजायला बँकेकडं काहीच नाही. नोंद कोरी आहे.

"कोरी?" मामा म्हणाले. "मी वीस-बावीस गावं फिरलो नोकरीत. एका वाण्याचा, एका चहावाल्याचा पैसा ठेवला न्हाई. बदली झाली की आधी सगळ्यांचं देऊन मगच गाडीत बसायचो."

"तेच तर, काका. ते कुठं नोंदलेलं नाही."

मामा संगणकाच्या पडद्याकडं बघत राहिले. इतके दिवस मी त्यांची थट्टा करत होते, नवऱ्याला फोनवर त्यांच्या गोल्फच्या गोष्टी सांगून हसत होते. त्या वेळी मात्र मला त्या हसण्याची लाज वाटली. ज्या गोष्टीचा त्यांना जन्मभर अभिमान वाटत आला, ती तिथं रिकामी जागा म्हणून दिसत होती. अधिकाऱ्यालाही ते जाणवलं असावं. त्यानं पाणी मागवलं आणि म्हणाला, "काका, दुसरा मार्ग आहे. तुमची मुदत ठेव असेल तर तिच्या आधारावर कार्ड मिळतं. त्याला असलं काही बघत नाहीत."

मामांची ठेव नव्हती. सगळा पैसा विहिरीत आणि पाइपलाइनीत गेला होता. पण संगणकात बघता बघता तो म्हणाला, "काकींच्या नावावर आहे की ही."

ही ठेव आत्यांची. त्यांच्या वडिलांनी दिलेल्या रानाच्या पट्टीत त्यांनी एका वर्षी आलं लावलं होतं, त्या साली आल्याला कधी नव्हे तो भाव आला, आणि ते पैसे त्यांनी कुणाला हात लावू न देता बँकेत टाकले. मामांना ठेव ठाऊक होती. ती अशी उपयोगाला येईल हे ठाऊक नव्हतं. आणि कार्ड मिळणार ते ठेव ज्याची त्याच्याच नावानं.

परतताना मामा स्कूटरवर माझ्यामागं बसून तासवड्याच्या टोलनाक्यापाशी म्हणाले, "तूच सांग तिला. माझ्याशी बोलत न्हाई ती."

मी आत्यांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हात पदराला पुसले आणि पहिल्यांदा थेट मामांकडं बघून म्हणाल्या, "मी बी जरा चौकशी करती. घाई नको."

मामांचा चेहरा मला अजून आठवतो.

आत्यांची चौकशी वेगळी होती. त्यांनी बचत गटातल्या बायकांना विचारलं, टायरवाल्याच्या बायकोला विचारलं, मला ठेवीवर मिळणारी तीन-चार कार्डं मोबाइलवर दाखवायला लावली. त्या फीबद्दल फारसं विचारत नव्हत्या. "हरवलं तर काय करायचं? बंद करायला फोन कुणाला करायचा? तिथं मराठीत बोलत्यात का?" इतक्या दिवसांच्या आमच्या तक्त्यात हा रकानाच नव्हता, हे खरं. पण त्या फार शहाणपणानं निवडत होत्या असं म्हणावं, तर दोन कार्डं सारखीच उरली तेव्हा त्यांनी निळं घेतलं, कारण दुसऱ्याचा रंग त्यांच्या थोरल्या जावेच्या शालूसारखा होता. मामा काहीतरी बोलायला उठले आणि पुन्हा बसले.

कार्ड आलं. त्यावर इंग्रजीत आत्यांचं नाव उठावदार अक्षरात होतं. त्यांनी ते बोटानं चाचपून पाहिलं आणि देवाऱ्यात ठेवून हळदकुंकू वाहिलं. नवीन कार्ड म्हणून पहिले काही महिने खर्चाची अट नव्हती. लाउंज एकाच माणसाला.

पुढं पुण्याच्या विमानतळावर काय झालं, ते मला दोघांकडून वेगवेगळं ऐकायला मिळालं. जुळवून जे हाती लागलं ते असं. आत्या दोन रुपये कापून घेऊन आत गेल्या. मामा बाहेर बॅगा सांभाळत बसले. ठरलं असं होतं की आत्यांनी बघून, चार घास खाऊन लगेच यायचं. पण आत बंगळूरला निघालेल्या इचलकरंजीच्या एक बाई भेटल्या. त्यांनी आत्यांना ताट कसं घ्यायचं ते दाखवलं, दोघींनी इडल्या खाल्ल्या, कॉफी घेतली, एकमेकींच्या सुनांविषयी बोलून झालं. मग त्या बाई गेल्या आणि आत्या त्या मागं जाणाऱ्या खुर्चीत बसल्या. पहाटेपासून प्रवास झालेला. डोळा लागला.

इकडं विमानाची रांग लागली. आत्यांचा फोन मामांच्याच खिशात. मामा दारापाशी गेले तर तिथली मुलगी म्हणे कार्ड दाखवा. "कार्ड आत झोपलंय," मामा म्हणाले. मुलीला कळेना. शेवटी मामांनी छाती पुढं काढली आणि दारातूनच, परेडच्या मैदानावर द्यावी तशी, आत्यांच्या नावानं हाक दिली. आत्या म्हणतात, आख्खी खोली उठून उभी राहिली. मामा म्हणतात, तेवढं काही नव्हतं. विमान मिळालं, एवढ्यावर दोघांचं एकमत आहे.

नणंदेला मुलगी झाली. पहिल्या व्हिडिओ कॉलवर बाळ मामांच्या मांडीवर झोपलेलं होतं आणि मामा श्वास रोखून बसले होते. मागून आत्या जावयाच्या शेजारणीला हिंदीत लाउंजविषयी सांगत होत्या. "इडली ठीक है, लेकिन चटणी में दम नहीं." बाळंतपण उरकून दोघं आगगाडीनं परतले, मामांच्याच हट्टानं. वाटेतल्या स्टेशनांवर उतरून त्यांनी आत्यांना आपल्या जुन्या बदलीची गावं दाखवली. त्या गावांची नावं आत्यांनी आजवर फक्त मामांच्या पत्रांच्या पाकिटांवरच्या शिक्क्यात वाचली होती.

घरी आल्यावर आत्यांना कार्डाचं वेड लागलं. बाळाला झबली मागवली, स्वतःला गुडघ्याचा पट्टा मागवला, मला न विचारता माझ्यासाठी पोळपाट मागवला. मग पहिलं बिल आलं. मामा ते ऐकून जागेवरून उठलेच. "चला, भरून टाकू. आत्ताच."

"तारीख हाय अजून," आत्या म्हणाल्या. "तवर व्याज न्हाई लागत. इचारा मास्तरीणबाईला."

"पण देणं हाय ना डोक्यावर!"

"माझ्या डोक्यावर हाय. तुमी जेवा."

मामांना त्या रात्री नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, तिला न सांगता भरता येतं का. मी म्हटलं, संदेश त्यांच्याच फोनवर जाईल. मग त्यांनी नाद सोडला.

आता दर महिन्याला तेच. बिल आल्यापासून मामा घरभर फिरतात, अंगणात जातात, परत येतात, दिनदर्शिकेकडं बघतात. आत्या शेवटची तारीख तोंडावर येईपर्यंत शांतपणे टीव्हीवरची मालिका बघत राहतात, आणि मग चष्मा लावून, एका बोटानं, स्वतः भरतात. ते बोट बटणावर टेकेपर्यंत मामा त्यांच्या खुर्चीमागं उभे असतात.